एकोणतीस हजार पौंडांचा उंबरठा

बुलढाणा जिल्ह्यात लग्न जुळवायला बसले की प्रश्नांची सरबत्ती ठरलेली असते. शेती किती, त्यातली ओलिताची किती, उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहते का, घरात लग्नाच्या बहिणी किती, मुलाला काही व्यसन तर नाही. मुलगा परदेशात असला की या यादीत ‘पॅकेज’ची भर पडते. पौंडांचा किंवा डॉलरचा आकडा मनातल्या मनात रुपयांत बदलला जातो, वडीलधारी मंडळी समाधानाने मान डोलावतात आणि सुपारी फुटते. एक प्रश्न मात्र अशा बैठकीत सहसा निघत नाही. ज्या देशात मुलगी नांदायला जाणार, त्या देशाचे सरकार हा पगार बायकोला आणण्यापुरता मानते का?

हा प्रश्न राहून गेला की लग्नानंतरची वर्ष-दोन वर्षे वाट पाहण्यात जातात. मुलगा त्या देशाचा नागरिक असो किंवा तिथे कायमचा स्थायिक झालेला असो, कायद्याच्या भाषेत तो प्रायोजक ठरतो आणि खामगावची, चिखलीची किंवा मेहकरची मुलगी ठरते परकी जोडीदार. तिला तिथे राहू द्यायचे तर तिचा खर्च झेपेल एवढी मिळकत त्याने सिद्ध करावी, अशी अट अनेक देशांनी घातली आहे. अट तत्त्वतः गैर नाही. ती ज्या मापाने मोजली जाते ते माप गैर आहे. ब्रिटनचे उदाहरण घेतले तर ते फार स्पष्ट दिसते.

ब्रिटनने जुलै २०१२ मध्ये हा आकडा वर्षाला १८,६०० पौंड असा ठरवला. मुले सोबत असतील तर त्यात वाढ होत असे. पुढे जवळपास बारा वर्षे तो तसाच राहिला आणि ११ एप्रिल २०२४ रोजी एका फटक्यात २९,००० पौंडांवर गेला. तो ३८,७०० पर्यंत नेण्याची तेव्हाच्या सरकारची घोषणा होती. सत्ताबदलानंतर ती वाढ थांबली, पण २९,००० चा आकडा मागे आला नाही.

हा आकडा मोठा आहे की लहान, हे तिथल्याच मजुरीवरून कळते. एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमधले प्रौढांसाठीचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले. आठवड्याला साडेसदतीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, असा हिशेब केला तर वर्षाची कमाई होते साधारण २३,८१० पौंड. म्हणजे लेस्टरमधल्या एखाद्या सुपरमार्केटमध्ये कायद्याने ठरवलेल्या मजुरीवर पूर्णवेळ, एकही दिवस न चुकवता राबणारा माणूस आपल्या लग्नाच्या बायकोला घरी आणण्यास अपात्र ठरतो. कायदा एका हाताने सांगतो की एवढी मजुरी जगायला पुरते. दुसऱ्या हाताने तोच कायदा सांगतो की संसाराला ती पुरत नाही.

कमी पडणारी रक्कम बचतीतून भरून काढता येते, पण त्याचे सूत्र कडक आहे. पहिले १६,००० पौंड हिशेबातच धरले जात नाहीत. त्यापुढे, कमी पडणाऱ्या रकमेच्या अडीच पट बचत दाखवावी लागते. वरच्या सुपरमार्केटवाल्याला ५,१९० पौंड कमी पडतात. त्याची अडीच पट १२,९७५, त्यात १६,००० मिळवले की २८,९७५ पौंड. पौंडाला ११५ रुपये धरले तर ही रक्कम ३३ लाखांच्या आसपास जाते. पगार अजिबातच नसेल तर ८८,५०० पौंड हवेत. ते झाले एक कोटीच्या घरात.

आता हेच ३३ लाख मेहकर तालुक्यातल्या दहा एकरांच्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहावेत. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या भावाने ३३ लाख म्हणजे सहाशेहून अधिक क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटल असे चांगले पीक धरले, सारा माल हमीभावाने गेला असे मानले, बियाणे, खत, फवारणी, मजुरी यांचा एक रुपयाही वजा केला नाही, तरी ही जवळपास आठ वर्षांची उलाढाल होते. बाजार समितीत सोयाबीन हमीभावाखाली विकले गेल्याची वर्षे विदर्भातला शेतकरी विसरलेला नाही. हिशेब त्याला सांगावा लागत नाही.

तरीही या घराला गरीब म्हणता येणार नाही. जमीन आहे, घर आहे, दोन भाऊ एकत्र कसतात, अंगावर सोने आहे, अडीनडीला धावून येणारी माणसे आहेत. मुलीला परदेशात वर्षभर हातभार लावायची वेळ आली तर हे घर मागे हटणार नाही. पण व्हिसा अधिकाऱ्याच्या टेबलावर यातले जवळपास काहीच उमटत नाही. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्याने विवरणपत्रात त्याचा ठसा नाही. सातबारा मराठीत असतो, त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून दिले तरी जमीन विकून पैसा हाती आल्याशिवाय ती बचत ठरत नाही. सोने मोडल्याशिवाय ते सोनेच राहते. मुलाच्या काकाने लंडनमधली खोली फुकट दिली तर घरभाडे वाचते, पण वाचलेले भाडे मिळकत म्हणून धरत नाहीत.

याच ठिकाणी एक बारकी, पण उपयोगाची गोष्ट आहे. बचत दाखवायची तर ती मुलाच्याच नावावर किंवा ब्रिटनमधल्याच बँकेत हवी, असे बंधन नाही. ती मुलीच्या नावावर, भारतातल्या बँकेत, रुपयांत असली तरी चालते. वडिलांनी दिलेली भेट असली तरी चालते. फक्त ती तिच्या ताब्यात, लगेच काढता येईल अशी, अर्जापूर्वी सलग सहा महिने पडून असावी लागते आणि ती आली कुठून हे सांगावे लागते. लग्नाच्या आदल्या आठवड्यात जमवलेला पैसा म्हणूनच कामाचा नसतो. दुसरी अडचण पतसंस्थेची. बुलढाणा हा सहकाराचा जिल्हा. १९८६ मध्ये राधेश्याम चांडक यांनी उभी केलेली बुलढाणा अर्बन गोदामातल्या धान्यावर शेतकऱ्याला कर्ज देण्यासाठी दूरवर ओळखली जाते, आणि ठेव म्हणजे पतसंस्थेची पावती हे इथल्या अनेक घरांत गृहीत असते. ब्रिटनचा नियम मात्र त्या देशातल्या वित्तीय नियामकाच्या अखत्यारीतली संस्था मागतो. पतसंस्था सहकार कायद्याखाली, निबंधकाकडे नोंदलेल्या असतात. त्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो. पतसंस्था कितीही भक्कम असली तरी परक्या अधिकाऱ्याला शंका काढायला इथे जागा राहते. अर्जासाठीचा पैसा वेळीच परवानाधारक बँकेत ठेवलेला बरा.

सर्वांत जास्त खटकते ते वेगळेच. पहिला अर्ज भारतातून करताना मुलीची स्वतःची कमावण्याची क्षमता शून्य धरली जाते. ती बी.एस्सी. नर्सिंग झालेली असो, पुण्याच्या कंपनीत चांगल्या पगारावर असो, तिकडे पोचल्यावर महिन्याभरात नोकरीला लागणार असो, तिचा भारतातला पगार हिशेबात नाही आणि उद्याचाही नाही. अडीच-पावणेतीन वर्षांनी मुदतवाढ मागताना, ती तिथे नोकरी करत असेल तर, दोघांची मिळकत एकत्र धरतात. म्हणजे जोडप्याच्या दोन पगारांवर संसार चालतो हे सरकारला मान्य आहे. फक्त सुरुवातीला, जेव्हा त्याची सर्वाधिक गरज असते, तेव्हा ते मान्य नाही.

आणि ही सगळी काटेकोर मोजणी कशासाठी? परकी जोडीदार सरकारी मदतीवर भार होऊ नये म्हणून. पण तिच्या व्हिसावर सरकारी भत्ते घेण्यास मनाई असल्याची अट आधीच घातलेली असते. आरोग्यसेवेसाठी वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरावे लागतात, ते तीन वर्षांचे धरून होतात ३,१०५. वर अर्जाचे शुल्क २०२५ च्या दराने १,९३८ पौंड. विमानाचे तिकीट काढण्याआधीच पावणेसहा लाख रुपयांच्या आसपास भरणाऱ्या मुलीला ‘तू आमच्या तिजोरीवर भार होशील’ असे म्हणणे पटण्यासारखे नाही.

याच देशात कुशल कामगार म्हणून व्हिसावर गेलेल्या भारतीय अभियंत्याला किंवा परिचारिकेला जोडीदार सोबत नेण्यासाठी २८ दिवस खात्यात २८५ पौंड असल्याचे दाखवावे लागते, किंवा कंपनीची हमी पुरते. त्यांच्या नोकरीला पगाराची किमान मर्यादा आधीच लागू असते हे खरे. तरीही पाहुणा म्हणून आलेल्या कामगाराच्या बायकोला २८५ आणि देशाच्या स्वतःच्या नागरिकाच्या बायकोला २९,००० हे गणित कोणत्याही ब्रिटिश माणसाला समजावून सांगणे कठीण जाईल. शिवाय सगळ्याच कामगारांना ती सवलत नाही. वृद्धांची, आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या काळजीवाहकांना ११ मार्च २०२४ पासून नव्याने कुटुंब नेण्यास बंदी घातली गेली. ज्यांच्या हातांवर त्या देशातले म्हातारपण सांभाळले जाते, त्यांनीच एकटे राहावे अशी ही रचना आहे.

इथे बुलढाण्यातल्या एखाद्या बापाचा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. परदेशस्थ मुलाने फुगवून सांगितलेला पगार, नसलेली नोकरी, लपवलेले कर्ज, हे सारे मराठी घरांनी सोसले आहे. अशा वेळी तिकडचे सरकारच मुलाच्या सहा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या मागते, प्रत्येक चिठ्ठीवरची रक्कम बँकेच्या उताऱ्यात त्याच तारखेला जमा झाली आहे का हे ताडून पाहते, यात मुलीचे भलेच नाही का? आहे, नक्कीच आहे. पुरावा मागण्याला विरोध असण्याचे कारण नाही. उलट तेच कागद मुलीकडच्यांनी लग्नाआधी मागावेत. विरोध आहे तो पुरावा पाहूनही एका ठरीव आकड्यापुढे बाकी सगळे नजरेआड करण्याला. २८,९०० पौंड प्रामाणिकपणे कमावणारा आणि कर्ज नसलेला मुलगा नापास, आणि ३०,००० कमावून कर्जात बुडालेला पास, यातून मुलीचे संरक्षण होत नाही.

न्यायालयांनाही हे जाणवले आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी निकाल देताना किमान मिळकतीची अट तत्त्वतः वैध ठरवली, पण मुलांच्या हिताकडे आणि मिळकतीच्या इतर खात्रीशीर स्रोतांकडे नियमांनी पुरेसे लक्ष दिले नाही, असे स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी नियमांत अपवादात्मक परिस्थितीसाठी एक फट ठेवली गेली. तिच्यातून तिसऱ्या माणसाचा भरवशाचा आधारही विचारात घेता येतो, पण ती फट अपवादापुरतीच. त्याआधी २०१५ मध्ये इंग्लंडच्या बालहक्क आयुक्तांच्या अहवालाने या अटीमुळे आई किंवा बाप दुरावलेल्या मुलांची संख्या १५,००० पर्यंत असल्याचे म्हटले होते. बापाला फक्त पडद्यावर पाहणाऱ्या या घरांना अहवालाने ‘स्काइप कुटुंबे’ म्हटले. २०२५ च्या जून महिन्यात तर सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीने ३८,७०० चा आकडा मानवी हक्कांच्या बंधनांशी विसंगत ठरण्याची शक्यता असल्याचे सांगितले आणि २३,००० ते २५,००० पौंडांचा पर्याय मांडला. किमान वेतनावर राबणाऱ्याला तो बराचसा झेपतो. समितीने हे सांगूनही आकडा खाली आणण्याची घाई दिसलेली नाही.

युरोपीय संघातला धडा त्याहून जुना आहे. नेदरलँड्सने कुटुंब आणण्यासाठी किमान वेतनाच्या १२० टक्के मिळकतीची अट घातली होती. शक्रून या महिलेच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने ४ मार्च २०१० रोजी ती उडवून लावली. देशाला संदर्भासाठी एखादी रक्कम ठरवता येईल, पण ती गाठली नाही म्हणून त्या कुटुंबाची प्रत्यक्ष स्थिती न तपासताच अर्ज फेटाळता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. जोडप्याची खरी ताकद पाहा, असाच त्याचा अर्थ. ब्रिटनने एवढे जरी उचलले तरी अर्धा प्रश्न सुटेल.

अमेरिकेची पद्धत वेगळी आहे आणि काही बाबतींत अधिक समंजस. तिथे नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक जोडीदाराला ‘आय-८६४’ नावाचे हमीपत्र भरून द्यावे लागते. सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के मिळकत असली की झाले. २०२५ च्या कोष्टकानुसार दोन माणसांच्या घरासाठी ही रक्कम २६,४३७ डॉलर होते. पगार कमी पडला तर घरातल्या दुसऱ्या सदस्याची मिळकत जोडता येते, मालमत्ता दाखवता येते, आणि तेही नसेल तर नातेवाइकाला, अगदी मित्रालाही, सहप्रायोजक म्हणून उभे करता येते. न्यू जर्सीतल्या मावसभावाची सही इथे कायदेशीर वजन घेऊन येते. कुटुंबाचे पाठबळ मोजण्याची सोय एका बलाढ्य देशाने कायद्यातच केली आहे, आणि तिने त्या देशाचे काही बिघडलेले नाही.

मात्र ही सही करणाऱ्याने ती कशाखाली करतो आहोत हे ओळखावे. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून दुसऱ्याचे हप्ते फेडत बसलेली माणसे बुलढाण्यात गावोगाव सापडतात. आय-८६४ वरचा सहप्रायोजक त्याच जातीचा जामीनदार आहे. १९९६ च्या कायद्याने हे हमीपत्र न्यायालयात वसूल करता येईल असे बंधनकारक केले. ज्याच्यासाठी हमी दिली तो माणूस अमेरिकेचा नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षे, जमा होईपर्यंत ती सहसा सुटत नाही. घटस्फोटानेही सुटत नाही. २०१६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने एका तुर्की पत्नीच्या प्रकरणात हे ठामपणे मांडले. लग्नाआधी पोटगी न मागण्याचा करार झाला असला तरी हमीपत्रातली जबाबदारी टिकते, असे म्हटले. नवऱ्याने सोडून दिलेल्या मुलीला या कागदाच्या बळावर दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांपर्यंत आधार मागता येतो. एका माणसासाठी २०२५ मध्ये ही रक्कम वर्षाला १९,५०० डॉलरच्या वर जाते. सासरच्यांनी भरलेल्या अर्जात आपल्या हक्काचा एवढा मोठा कागद आहे, हे किती मराठी मुलींना माहीत असते?

आकड्याशिवायही काम चालते, हे कॅनडा दाखवतो. तिथे नवरा किंवा बायको आणताना सर्वसाधारणपणे किमान मिळकतीची अट नाही. प्रायोजक तीन वर्षांच्या पालनपोषणाची हमी देतो, स्वतः अपंगत्वाखेरीज इतर कारणाने सरकारी मदतीवर जगत नसला म्हणजे झाले. जर्मनीत जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला मिळकतीपेक्षा भाषेची पहिली पायरी पार करणे महत्त्वाचे असते. आखात दुसऱ्या टोकाला आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पासून महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायला जागा, असेल तर कुटुंब आणता येते. ४,००० दिरहम म्हणजे ९५ हजार रुपयांच्या आसपास. त्याखाली पगार असलेला ड्रायव्हर किंवा मजूर वर्षानुवर्षे एकटा राहतो आणि संसार सुट्ट्यांत होतो. त्याच्यासाठी बोलायला न्यायालय नाही आणि सल्लागार समितीही नाही.

आता उलट दिशेने पाहायला हवे, कारण बुलढाण्यातही परदेशी सून किंवा जावई येऊ शकतो. तसे झाले तर तिची किंवा त्याची नोंदणी जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येते; ते जिल्ह्याचे विदेशी नोंदणी अधिकारी असतात. २०१८ पासून अर्ज ऑनलाइन भरता येतो, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून जुन्या १९४६ च्या कायद्याची जागा नव्या स्थलांतर आणि विदेशी नागरिक कायद्याने घेतली आहे. विवाहाचे प्रमाणपत्र, भारतीय जोडीदाराची ओळखपत्रे, त्याचे हमीपत्र हे कागद लागतात, पोलीस चौकशी होते. लग्न नोंदून सलग दोन वर्षे टिकले की ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांना ती वाट बंद आहे. सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व मागता येते. या साऱ्यात कुठेही ‘नवऱ्याचा पगार वर्षाला अमुक हवा’ अशी ओळ नाही. ओसीआय सुनेला शेतजमीन विकत घेता येत नाही, ही शेतकरी घराला बोचणारी अट आहे. पण नवरा शेतमजूर आहे म्हणून तिला परत पाठवले जात नाही. आपल्या कायद्यातली ही गोष्ट मोलाची आहे आणि कोणी उद्या पाश्चात्त्य देशांकडे बोट दाखवून असा आकडा आणू पाहील तर त्याला विरोध व्हायला हवा.

त्या मोकळेपणातून महाराष्ट्राला काय मिळाले, याचे उत्तर सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात आहे. अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट बर्कलेच्या विद्यापीठात पीएच.डी. करताना महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीच्या अभ्यासासाठी इथे आल्या. १९७६ मध्ये त्यांनी भरत पाटणकर यांच्याशी लग्न केले. पाटणकर वैद्यकीय शिक्षण घेतलेले, पण वैद्यकी सोडून चळवळीला वाहून घेतलेले पूर्णवेळ कार्यकर्ते. गेल कासेगावच्या एकत्र घरात राहिल्या, १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी तिथेच गेल्या. महात्मा फुले, डॉ. आंबेडकर, जातीअंत, स्त्रीमुक्ती, दुष्काळ आणि पाणी यांवरचे त्यांचे लेखन आज जगभर वाचले जाते. पूर्णवेळ कार्यकर्त्याला पगारचिठ्ठी नसते. १९७६ मध्ये भारताने पाटणकरांकडून आजच्या ब्रिटनच्या मापाने सहा महिन्यांच्या पगाराचे उतारे मागितले असते, तर अर्ज पहिल्या पानावरच बाद झाला असता. कासेगावच्या घराचा भक्कम आधार कोणत्याही रकान्यात बसला नसता.

विदर्भाच्या आठवणीत याहून जुने उदाहरण आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत इंग्रज राजवटीविरुद्धच्या गदर चळवळीत सामील झाले, पुढे मेक्सिकोत पोचले, तिथे कृषिशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावले आणि १९३६ मध्ये बेल्जियमच्या जेन सिंडिक यांच्याशी संसार थाटला. स्वतंत्र भारतात हे कुटुंब नागपूरला आले. इंग्रज सरकारने फरारी ठरवलेल्या माणसाच्या मिळकतीचे कागद कोणत्या कार्यालयाने प्रमाणित केले असते?

भारत सरकारने ब्रिटनच्या या अटीबाबत आवाज उठवलेला दिसत नाही. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी व्यापार करार झाला; सोबतच्या व्यवस्थेत कंपनीच्या बदलीवर तात्पुरते जाणाऱ्या भारतीयांना तिथले सामाजिक सुरक्षा वर्गणीचे दुहेरी ओझे नको, यासाठी भारताने जोर लावला आणि ते मिळवले. चांगले झाले. व्यापार करारात कायम वास्तव्याचे नियम येत नाहीत हेही समजण्यासारखे आहे. पण कामगारासाठी जेवढी घासाघीस झाली तेवढी त्याच देशातल्या नागरिकांशी लग्न केलेल्या भारतीय मुलींसाठी राजनैतिक चर्चेत व्हायला काय हरकत आहे? मागणी साधी आहे. जोडीदाराची कमावण्याची पात्रता पहिल्या अर्जातच धरा, अमेरिकेसारखा सहप्रायोजक मान्य करा, आणि आकडा किमान वेतनाच्या वर नेऊ नका.

जिल्ह्याच्या पातळीवर करण्यासारखेही पुष्कळ आहे. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसाच्या मुलाखतीला जाणारी मुलगी मलकापूर किंवा शेगाव गाठते आणि तिथून मुंबईला वांद्र्याच्या वाणिज्य दूतावासात जाते, कारण भारतभरच्या अशा मुलाखती तिथेच होतात. तिच्या फायलीत ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणीचा दाखला असतो, त्यावर नवऱ्याचे नाव लावलेले नाव, पासपोर्टवर माहेरचे. ती फाईल मुंबईला जाण्याआधी कोणा जाणकाराने एकदा पाहावी, अशी जागा जिल्ह्यात नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत सल्ल्यासाठीच आहे. तिथल्या एका वकिलाला हे नियम शिकवून आठवड्यातला एक दिवस या कामाला दिला तरी मोठा फरक पडेल. विशेषतः अमेरिकेत नवऱ्याशी बिनसलेल्या मुलीसाठी, कारण आय-८६४ मधली एक अट फार कमी जणांना ठाऊक आहे. तिने कायमचे माहेरी येऊन ग्रीनकार्ड सोडले की नवऱ्याची आणि सहप्रायोजकाची जबाबदारी संपते. म्हणून आई-वडिलांनी ‘ताबडतोब निघून ये’ असे फोनवर सांगण्याआधी, आणि तिने परतीचे तिकीट काढण्याआधी, हा सल्ला तिच्यापर्यंत पोचायला हवा.